अठ्ठावीस हजाराचा सेन्सर बदलला आणि बिघाड निघाला वीतभर वायरीत – चाकण-तळेगाव रोडवरच्या मामांच्या शेडचा रिव्ह्यू

पहिलंच सांगतो, या दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या शेडवर लाल ऑइलपेंटने 'ऑटो इलेक्ट्रिक, बीएस ६ वायरिंग काम' एवढंच लिहिलंय, तेपण अर्धं उन्हाने उडालंय. चाकणवरून तळेगावकडं निघालात की वजनकाटा लागतो, त्याच्या पुढं डाव्या हाताला. बाहेर एकदोन टिपर आणि एखादा ट्रेलर केबिन पालथी घालून उभा असतोच, तीच खूण. सगळे ड्रायव्हर लोक त्यांना मामा म्हणतात म्हणून मीपण इथं मामाच लिहितोय.

माझे तीन टिपर आहेत, मोशीच्या खाणीवरून क्रश सँड आणि खडी चाकण एमआयडीसीच्या साइटवर टाकायची. त्यातली सगळ्यात नवी गाडी २०२१ ची, बीएस ६ (धुराच्या नव्या सरकारी नियमाची), हप्ता अजून चालू. जूनच्या शेवटी पाऊस चालू झाला आणि या गाडीचं नाटक सुरू झालं. चांगली चालता चालता एकदम मीटरचे सगळे काटे खाली, स्पीड शून्य, आरपीएम शून्य, वर सगळ्या लाइटी दिवाळीसारख्या पेटणार, चार-पाच सेकंदानी परत सगळं जागेवर. इंजिन मात्र चालूच. पहिले दोन दिवस बापू (ड्रायव्हर) मला बोललाच नाही, म्हणला एवढं काय. तिसऱ्या दिवशी इंजिन लाइट पेटून राहिली, युरियाची (धूर साफ करायला जो द्रव सोडतात त्याची) लाइट पण, आणि भरलेली गाडी चढाला ओढेना. मग आला फोन, शेठ गाडी पिकअपच घेत नाय.

जवळच्या एका गॅरेजला नेली. नाव लिहीत नाही, भांडण नकोय. त्यांनी टॅब (गाडीचे कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर) लावला, पंधरावीस बिघाडाचे कोड आले, त्यातला एक वाचला 'नॉक्स सेन्सर कम्युनिकेशन' आणि लगेच म्हणाले नॉक्स (धुरातला नॉक्स वायू मोजणारा सेन्सर) गेला, बीएस ६ मध्ये कॉमन आहे. आता हे खोटं पण नाही, नॉक्स सेन्सर जातात, माझ्या मित्राचे दोन गेलेत. अठ्ठावीस हजार सेन्सर, वर मजुरी. लावला, कोड उडवले, गाडी मस्त, दोन दिवस ऊन होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस आणि परत तेच, काटे खाली. परत नेली तर आता म्हणतात ईसीएमच (इंजिनचा मुख्य कॉम्प्युटर) बघावा लागेल, अंदाजे सव्वा-दीड लाख धरा. मी तिथंच खाली बसलो. नऊ दिवस गाडी धड कामावर नाही, हप्ता तर थांबत नाही. शेवटी खाणीवरच्या एका पोकलेन ऑपरेटरने मामांचा नंबर दिला.

फोन मामा उचलत नाहीत. हा पहिला मायनस. पाच वेळा केला, मग कुणीतरी सांगितलं व्हॉट्सॲपला मीटरचा व्हिडिओ टाका. टाकला, तर अर्ध्या तासात दोन शब्दांचं उत्तर, 'परवा आणा'. परवा म्हणजे परवाच, मधला गुरुवार होता आणि गुरुवारी आपल्याकडं एमआयडीसीची सुट्टी, लाइट पण जाते, मामा शेड उघडत नाहीत. घाईवाल्यांनी हे डोक्यात ठेवा.

शुक्रवारी सकाळी आठला गाडी लावली. मला वाटलं हे पण टॅब लावतील. लावला, पण आधी पाऊण तास नुसते प्रश्न. आणि मला नाही, बापूला. कधी होतं, खड्ड्यात का सपाट रोडला, गाडी भरलेली का रिकामी, पाऊस चालू असताना का थांबल्यावर, काटे पडतात तेव्हा पॉवर स्टिअरिंग, ब्रेक, हॉर्न, वायपर चालू असतं का. बापू म्हणाला बाकी सगळं चालतं, फक्त मीटर मरतो, आणि पाऊस थांबल्यावर तासाभराने पण होतं. मामांनी ते एका जुन्या डायरीत लिहून घेतलं. मी मनात म्हणलं हे काय डॉक्टर आहेत का.

मग टॅबवर कोड बघितले. इथं मला पहिल्यांदा कळलं की कोड वाचणं वेगळं आणि कोड समजणं वेगळं. मीटर म्हणतोय ईसीएमचं बोलणं बंद झालं. एबीएस (ब्रेकचा कॉम्प्युटर) म्हणतंय ईसीएमचं नीट ऐकू येत नाही. ईसीएम म्हणतोय मीटर गायब, नॉक्स गायब. मामा म्हणाले, "शेठ, वाडीचा रस्ता वाहून गेला तर वाडीतला प्रत्येक जण शेजारचा आला नाही म्हणून ओरडणार. त्यात आजारी कोण?" म्हणजे एकच सेन्सर ओरडत असेल आणि बाकी सगळे गप, तर त्या सेन्सरचा सप्लाय, अर्थिंग, त्याची वायर, मग तो सेन्सर असं बघायचं. पण सगळेच एकमेकांच्या नावाने एकाच वेळी ओरडत असतील तर माणसं सोडा आणि रस्ता बघा. नॉक्स सेन्सर हा नुसता सेन्सर नसतो, त्याच्या वायरीला जी डबी असते ना ती एक छोटा कॉम्प्युटरच आहे, तो कॅन लाइनवरूनच (सगळ्या कॉम्प्युटरना जोडणारी वायरींची जोडी) ईसीएमशी बोलतो. लाइन तुटक झाली की ईसीएमला नॉक्सचा आकडा मिळत नाही, आकडा नाही म्हणजे धूर नियमात आहे का हे त्याला कळत नाही, मग तो कोड टाकतो आणि काही वेळाने पॉवर कापतो. गॅरेजवाल्याने कोड बरोबर वाचला होता, फक्त शेवटचा शब्द वाचलाच नाही, 'कम्युनिकेशन'.

ज्यांना कॅन म्हणजे काय माहित नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बॉश कंपनीने १९८६ ला हे बाहेर आणलं. आधी प्रत्येक सेन्सरची प्रत्येक काट्याला वेगळी वायर जायची, आता दोनच वायरी, एकमेकीभोवती पीळ दिलेल्या, एक हाय एक लो, आणि सगळे कॉम्प्युटर त्या जोडीवर लटकलेले. ट्रक, बस, पोकलेन, जनरेटर यांच्यात त्यावर जी भाषा बोलतात तिला जे १९३९ म्हणतात, सेकंदाला अडीच लाख बिट, नवीन गाड्यांत पाच लाख पण असतं. माझ्या कारचे कोड वाचायचा ब्लूटूथवाला डोंगल मी हुशारी करून टिपरला लावला होता, तो कनेक्टच झाला नाही, मामा हसले फक्त.

आता खरी गंमत. मामांनी चावी काढायला लावली आणि बापू सवयीने लगेच बॅटरीचा कटऑफ पाडायला निघाला तर त्याच्यावर ओरडले. चावी बंद केल्यावर युरियाचा पंप लाइन रिकामी करत असतो, तो घुर्र आवाज पूर्ण थांबू द्यायचा, मग कटऑफ. नाहीतर युरिया लाइनमध्ये सुकून खडे होतात. आम्ही तीन वर्षं रोज संध्याकाळी चावी काढून लगेच कटऑफ पाडतोय!! हे कुणीच सांगितलं नव्हतं. तर पंप थांबला, कटऑफ पाडला, आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये ६ नंबर आणि १४ नंबरला साधा मल्टीमीटर लावला, ओहमवर. महागडं मशीन नाही काही नाही, आपल्या घरी असतो तसला पिवळा मल्टीमीटर.

मल्टीमीटरवर आलं ४०.

मामांच्या भुवया वर. मी विचारलं कमी आहे का जास्त. तर हिशोब असा आहे की या जोडीच्या दोन टोकांना एकेक १२० ओहमचा रेझिस्टर असतो, माझ्या गाडीत एक ईसीएमच्या आत आणि एक मीटरच्या बाजूला. लाइनवरून गेलेला सिग्नल टोकाला आपटून परत येऊ नये म्हणून ते. दोन १२० समांतर, म्हणून ६० दिसायला पाहिजे. ६० च्या आसपास म्हणजे दोन्ही टोकं जागेवर. १२० आलं तर एक टोक कुठंतरी तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकीला चिकटल्या, किंवा कुणा कॉम्प्युटरच्या आत जळालंय. आणि ४० म्हणजे तिसरा १२० चा रेझिस्टर लाइनीत येऊन बसलाय, जो कंपनीने दिलेला नाही. (सगळ्याच गाड्यांत सॉकेटवर ६० दिसेल असं नाही हां, मध्ये गेटवे (लाइनी जोडणारा मधला कॉम्प्युटर) असला तर वेगळं दिसतं, आणि काही गाड्यांत दोन-तीन कॅन लाइनी असतात त्या वेगवेगळ्या मोजायच्या. पोकलेनला वगैरे गोल नऊ पिनचा सॉकेट असतो, त्यात सी आणि डी पिनांवर मोजायचं. हे मामांनीच सांगितलं, मी तिथंच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.)

"बाहेरचं काय बसवलंय गाडीत?"

मी म्हणलं काही नाही मामा, टेप आहे फक्त.

बापू गप. मग हळूच म्हणाला, "शेठ, ते तुमचं डिझेलवालं."

तर गेल्या नोव्हेंबरात मीच एक जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता, साधा नाही, डिझेल किती हे गाडीच्या कॅनमधून वाचून मोबाइलवर दाखवणारा. कशासाठी ते टिपरमालकांना सांगायला नको. बसवणारा पोरगा अर्ध्या तासात लावून गेला, मी तर विसरलो पण होतो. म्हणजे बापूवर लक्ष ठेवायला बसवलेली डबी, आणि ती आहे हे बापूला पहिल्या दिवसापासून माहीत. असो.

मामांनी मीटरच्या मागचं पॅनल खोललं. ट्रॅकरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढला, मल्टीमीटर ४० वरून ६० वर. तिसरा पाहुणा सापडला, ट्रॅकरच्या आत १२० चा रेझिस्टर होता जो बसवताना बंद करायचा असतो. मला वाटलं झालं, निघालो. मामा म्हणाले थांबा, नोव्हेंबरपासून जूनपर्यंत याच्यासकट गाडी चालली ना, मग नुसत्या याने काटे पडत नाहीत. मला या माणसाचं हेच आवडलं. दुसरा कुणी असता तर तिथंच बिल फाडलं असतं आणि मी पुढच्या पावसात परत रडत आलो असतो.

मग सॉकेटला मल्टीमीटर तसाच ठेवून एकाने आकड्यावर नजर ठेवायची आणि मामा हार्नेस (वायरींचा जुडगा) एकेक वीत हलवत जाणार. ईसीएमकडून चालू केलं, चॅसिसवरच्या क्लिपा, केबिनच्या खालचा वळसा जिथं केबिन उचलताना वायर घासते, सगळं. ६०, ६०, ६०. आकडा वाचायचं काम माझ्याकडं होतं, मान दुखली. शेवटी मीटरच्या मागं डावीकडं हात घातला आणि ६० चं एकदम १२०, परत ६०, परत १२०. म्हणलं मामा!! म्हणाले, हालू नका.

टेपची गाठ बाहेर काढली. काळी टेप, आतून ओली. ट्रॅकरवाल्या पोराने कॅनची लो वायर सरळ कापली होती, तीन टोकं हाताने पिळून टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतली तार तांब्याची राहिलीच नव्हती, हिरवी भुकटी, दोन-तीन केस तेवढे धरून होते. हायवरची टेप उलगडली तर ती वायर न कापता नुसती सोलून तिच्यावर गुंडाळली होती म्हणून ती वाचली. आणि दोन्ही वायरींचा पीळ वीतभर सोडवून ठेवलेला, तो पीळ असतो म्हणूनच बाहेरचा करंट दोघींवर सारखा पडून खोडला जातो, तिथं तो पण नाही.

पण पाणी आलं कुठून? मीटरच्या मागं, केबिनच्या आत? तर एप्रिलमध्ये पुढची काच फुटली होती, नवी बसवली, ती डाव्या कोपऱ्यातून झिरपत होती. बापूने मला सांगून बघितलं असेल, मी म्हणलो असेन बघू नंतर. म्हणून त्याने आपलं डोकं लावून त्या कोपऱ्यात फडकं कोंबलं. फडकं पाणी पिणार, भरलं की थेंब थेंब त्या टेपच्या गाठीवर. म्हणून पाऊस थांबल्यावर तासाभराने पण काटे पडायचे. मामांनी ते फडकं पिळलं तर पेलाभर पाणी निघालं, बापू तिकडं तोंड फिरवून हसत होता.

रिपेअर साधंच केलं पण बघण्यासारखं. खराब भाग कापून टाकला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागं गेले. मधी नवीन पिळाचीच जोडी घातली. क्रिंपवाले (दाबून बसवायचे) जॉइंट, वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), गरम केल्यावर दोन्ही टोकांनी गोंद बाहेर येईपर्यंत. दोन वायरींचे जॉइंट शेजारी शेजारी नाही, पुढंमागं. मी विचारलं सोल्डर का नाही, तर टिपर हादरतो, सोल्डर जिथं संपतो तिथं तार कडक होऊन तुटते, म्हणे. यावर मतभेद असतील, पण माझ्या एका गाडीची हेडलाइट अशीच गेलीय म्हणून मला पटलं.

अजून एक गोष्ट. लाइन चेक करायला मामा वायरीला सुई टोचत नाहीत. एक वाकवलेली पातळ पिन आहे, ती कपलरच्या मागून, रबराच्या बाजूने सरकवून टर्मिनलला टेकवतात. आधीच्या गॅरेजवाल्याने नॉक्सच्या वायरीला चार भोकं पाडलेली सापडली, मामा तेवढ्यावरच चिडले. त्या भोकातून पाणी जाऊन सहा महिन्यांनी तिथं नवीन बिघाड होतो. त्यावर पण सील लावून दिलं, पैसे न घेता.

नंतर चावी ऑन करून व्होल्टेज. हाय आणि अर्थ २.६, लो आणि अर्थ २.४. दोघांची बेरीज पाचच्या आसपास आली की लाइन निरोगी समजायची. मोबाइलएवढा एक स्कोप (सिग्नलची रेषा दाखवणारं यंत्र) पण आहे त्यांच्याकडं, त्यावर दोन रेषा दाखवल्या, एक वर गेली की दुसरी खाली, आरशात बघितल्यासारखी. आधी सकाळी इंजिन चालू करून गाठ हलवली असती तर काय दिसलं असतं ते बघायचं राहिलं, गाठ तर कापून टाकलेली. शेवटी काचेच्या कोपऱ्यावर बापूला पाइपने पाणी मारायला लावलं, पंधरा मिनिटं, गाडी चालू ठेवून. काटे हलले नाहीत. काचेचं सील मामा करत नाहीत, ते मी दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडून करून घेतलं.

बिल: शोधायचे ३०००, रिपेअरचे १२००. शोधायचे पैसे वेगळे आणि आधी सांगतात, बिघाड दहा मिनिटात सापडला तरी तेवढेच, दिवस गेला तरी तेवढेच. काही लोकांना हे टोचतं, तिथंच एक ट्रेलरवाला वाद घालत होता की नुसतं बघायचे तीन हजार कसले. मी त्याला माझं अठ्ठावीस हजाराचं सांगितलं, मग तो बसला चहा प्यायला. त्याचं प्रकरण वेगळंच होतं, फाळक्याला वेल्डिंग करताना बॅटरी काढली नव्हती आणि आता तीन कंट्रोलरपैकी एक बोलत नाही. मामा एकेक कंट्रोलरचा कपलर काढून लाइन सुधारते का बघत होते. त्याचं पुढं काय झालं कळलं नाही, मी निघालो.

तक्रारी पण लिहितो. फोन उचलत नाहीत हे झालंच. बिल हाताने लिहिलेलं, जीएसटीवालं पाहिजे असेल तर मिळणार नाही. शेडसमोर चिखल एवढा की भरलेली गाडी नेऊच नका, रुतेल. ईसीएम उघडून रिपेअर करत नाहीत, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं, हे ते स्वतःच सांगतात. एका वेळी एकच गाडी घेतात त्यामुळे नंबर लागतो. आणि स्वभाव तुसडा आहे. मालकाने मध्येमध्ये डोकं घातलं की सरळ म्हणतात तुम्ही तिकडं बसा. ड्रायव्हरला सोबत नेलंच पाहिजे, तो नसेल तर गाडी घेतच नाहीत, एकाला माझ्यासमोर परत पाठवला.

ट्रॅकरचं विचारलं तर म्हणाले लावा की, माझा काय विरोध नाही, पण कॅनची वायर कापून नको. वायरीला न कापता वरून चिमट्यासारखा बसणारा रीडर मिळतो, तो लावायचा, आणि सप्लायला फ्यूज. मी अजून लावलेला नाही. आता लावायचा म्हणजे बापूसमोर लावावा लागणार.

या गोष्टीला सात आठवडे झाले, जुलै-ऑगस्टचा सगळा पाऊस खाऊन गाडी चालतीय, एकदाही काटा पडला नाही. चार स्टार देतोय, पाचवा फोन उचलायला लागले की.

जाता जाता, तो काढलेला जुना नॉक्स सेन्सर मी केबिनमध्येच टाकून ठेवला होता. मामांनी टेबलावर त्याला २४ व्होल्ट दिले, दोन रेझिस्टर लावून स्कॅनर जोडला, आणि दहा सेकंदात तो बोलायला लागला. आता घरी माळ्यावर खताच्या पोत्यात गुंडाळून ठेवलाय.